कीर्द, खतावणी आणि स्कॉच

स्कॉचच्या बाटलीवरचं लेबल पाहिलं की माणसाला वाटतं, हे पेय राजेरजवाड्यांनी शोधून काढलं असावं. एखादा किल्ला, एखादं बारा शिंगांचं हरीण, घागरा नेसलेला मिशाळ सरदार आणि खाली लॅटिनमध्ये काहीतरी बाणेदार. कारकून मात्र कुठल्याच लेबलावर नाही. हा अन्याय आहे. मी स्वतः बँकेत कारकून आहे म्हणून असं म्हणतो असं नाही (खरं म्हणजे म्हणूनच म्हणतो), पण स्कॉचचा इतिहास खणायला घेतला की खालून कारकूनच निघतो. कुठे हिशेबनीस, कुठे अबकारी अंमलदार, कुठे टायपिस्ट. राजे येतात, पितात आणि जातात. मागे नोंद करायला कोण उरतं? आपण!

पहिला पुरावाच बघा. स्कॉटलंडमध्ये या द्रव्याचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो १४९४ सालचा, आणि तो काव्यात नाही, बखरीत नाही, सरकारी खजिन्याच्या जमाखर्चात आहे. राजा चौथा जेम्स याच्या हुकुमावरून जॉन कोर नामक मठवासी साधूला 'अॅक्वा व्हिटी' बनवण्यासाठी आठ बोल माल्ट दिला, अशी ती नोंद. बोल म्हणजे तिकडचं धान्याचं माप, आपल्या मण-खंडीसारखं. पण माझा जीव जडलाय तो त्या ओळीच्या मधोमध घुसवलेल्या दोन लॅटिन शब्दांवर. त्यांचा अर्थ, 'असे म्हणणे आहे'. म्हणजे माल्ट दिला, तो राजाच्या हुकुमावरून दिला, पण तसा हुकूम होता असं समोरच्याचं म्हणणं आहे बरं का! उद्या ऑडिट आलं, राजा म्हणाला 'मी कुठे सांगितलं होतं?', तर कारकुनाची मान मोकळी. पाचशे वर्षांपूर्वीचा तो अनामिक गृहस्थ माझा सख्खा चुलतभाऊ आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

'अॅक्वा व्हिटी' म्हणजे जीवनजल. त्याचंच तिकडच्या गेलिक भाषेत 'उश्का बाहा' झालं आणि त्या उश्काची पुढे इंग्रजांच्या तोंडात व्हिस्की झाली. आपल्या पूर्वजांनी साध्या पाण्यालाच 'जीवन' म्हणून विषय संपवला. स्कॉटलंडात पाऊस बारमाही असूनही त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. सुरुवातीला हे औषध होतं. १५०५ साली एडिंबरा शहरात ते बनवण्याचा मक्ता कोणाकडे होता म्हणता? न्हावी-शल्यवैद्यांच्या मंडळाकडे. हजामत, शस्त्रक्रिया आणि व्हिस्की एकाच छपराखाली. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो आणि तो मिळतो प्रकृतीच्या रक्षणासाठी. प्रकृतीला गरज आहे, असे अर्जदाराचे म्हणणे आहे!

आता माल्ट म्हणजे काय, हे ज्या घरात नाचणीचं सत्त्व झालं आहे तिथे समजावून सांगायला नको. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं. नाचणीच्या जागी सातू घ्या, झाला माल्ट. आपली आजी त्यात दूध-गूळ घालून ते नातवाला पाजते. स्कॉटिश आजोबा त्यात गरम पाणी ओततात, गोड पाणी गाळून घेतात, ते आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यातून दोनदा उकळून त्याची वाफ धरतात. मग ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षं झोपवतात. हे सगळं नुसत्या सातूच्या माल्टपासून आणि एकाच भट्टीत झालं की त्याला म्हणायचं सिंगल माल्ट. 'सिंगल' म्हणजे अविवाहित नव्हे आणि एका पिंपातलीच असंही नव्हे. एका भट्टीतली, एवढाच अर्थ.

इथपर्यंत सगळं घरगुती होतं. मग १६४४ साली स्कॉटिश पार्लमेंटला लढाईसाठी पैसे हवे झाले आणि तिने मद्यावर अबकारी कर बसवला. तिथून व्हिस्कीची चव साधूच्या हातातून निसटली आणि करवसुलीवाल्याच्या हाती गेली. मी अलंकारिक बोलत नाही. कॉमर्सचा माणूस अलंकार फक्त गोल्ड लोनच्या वेळी बघतो. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले, १७२५ मध्ये माल्टवरचा कर आला, ग्लासगोत दंगल उसळली. पण पिणाऱ्यांनी दंगल केली, गाळणाऱ्यांनी डोकं चालवलं. माल्टवर कर आहे ना? मग परवानावाले भट्टीदार माल्ट कमी आणि मोड न आणलेलं कच्चं धान्य जास्त घालू लागले. पुढे भांडं केवढं आहे त्यावर कर बसला. मग त्यांनी पसरट, उथळ भांडी केली आणि ती धडाधड पेटवून दिवसातून असंख्य वेळा उपसली. भांडं तेवढंच, कर तेवढाच, माल दसपट! ताळेबंद सुरेख, पण दारू अशी की पिणाऱ्याच्या घशाखाली करपट उतरावी.

आणि त्याच वेळी वर डोंगरात, हायलँड्समध्ये, ओढ्याकाठच्या गुहेत, चोरून गाळणारा शेतकरी काय करत होता? त्याला कर भरायचाच नव्हता. त्यामुळे त्याला कर वाचवायचीही घाई नव्हती. तो निव्वळ माल्ट वापरायचा, छोट्या भांड्यात सावकाश गाळायचा. परिणाम असा की कायदेशीर व्हिस्की भिकार आणि बेकायदेशीर व्हिस्की उत्तम. त्याला चोर म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या खडकाळ तुकड्यावर पिकलेला सातू बाजारात विकून खंड भागत नसे, तो गाळून विकला तर भागत असे. जमीनदाराला हे ठाऊक होतं. खंड वेळेवर येतोय म्हटल्यावर तो डोंगराकडून उठणाऱ्या धुराकडे पाठ करून उभा राहायचा. कित्येकदा तोच जमीनदार मॅजिस्ट्रेट म्हणून त्याच शेतकऱ्याला दंड ठोठवायचा. दंड भरायला पैसे हवेत, म्हणजे आणखी गाळणं आलं. याला आम्ही बँकेत जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज म्हणतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी वाचल्यापासून मी मुंबईच्या हायकोर्टाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो आहे.

१८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. वजनदार माणूस, सर्वार्थाने. आल्या आल्या त्याने फर्मावलं, ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी. त्या वेळी ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातली व्हिस्की म्हणजे चोरटी व्हिस्की. राजाच्याच नावाने जिच्यासाठी माणसं तुरुंगात जात होती तीच! दरबारी धावले. रॉथिमर्कसचे जमीनदार सर जॉन पीटर ग्रँट यांच्या तळघरात असा जुना साठा होता. हे ग्रँट स्वतः वकील आणि पार्लमेंटचे सभासद. त्यांची मुलगी एलिझाबेथ हिच्या ताब्यात तळघर. तिने कुरकुरत आपला लाडका साठा बाहेर काढला आणि राजाकडे धाडला. पुढे तिने आठवणी लिहिल्या, त्यात या व्हिस्कीचं वर्णन आहे. लाकडात किती काळ मुरली होती, किती मवाळ होती आणि तिच्यात अस्सल चोरट्या मालाची लज्जत कशी होती, हे सगळं. सिंगल माल्टची पहिली रसग्रहणं शोधायला निघालो तर हे फार वरच्या क्रमांकावर लागेल, आणि लिहिणारी कोण, तर कायदेपंडिताची मुलगी.

तीच पुढे लिहिते की त्या व्हिस्कीची योग्य वेळी आठवण करून दिल्यामुळे वडिलांना हिंदुस्थानातली न्यायाधीशाची जागा मिळाली. ही जागा मुंबईच्या सुप्रीम कोर्टातली होती, साल १८२७. ग्रँटसाहेब तोवर कर्जात नाकापर्यंत बुडाले होते आणि देणेकऱ्यांना चुकवत होते. ते सहकुटुंब मुंबईत आले. मुलीने इथेच १८२९ मध्ये एका कर्नलशी लग्न केलं. बाप मात्र गप्प बसणारा नव्हता. पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाच्या ताब्याचं प्रकरण कोर्टापुढे आलं, त्याला हजर करा असा कोर्टाने हुकूम काढला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम म्हणाला, पुण्यावर तुमची हुकमत नाही. वाद इतका पेटला की १८२९ च्या एप्रिलमध्ये ग्रँटसाहेबांनी चक्क कोर्टच बंद करून टाकलं! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं, निकाल कोर्टाच्या विरुद्ध लागला आणि ग्रँटसाहेबांनी पुढे कलकत्ता गाठलं. पेशवाई बुडून अकरा वर्षं झालेली. पुण्याच्या त्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना काय कल्पना, की आपल्या नशिबी आलेला न्यायाधीश एका राजाच्या पेल्यातून निघून इथवर पोचला आहे?

असो. आपल्या तळघरातल्या आणि राजाच्या पेल्यातल्या व्हिस्कीचं हे गुपित सरकारला फार दिवस झाकता आलं नाही. ड्यूक ऑफ गॉर्डनने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सांगितलं, कर परवडेल असा करा, लोक परवाना घेतील. १८२३ चा कायदा झाला. कर निम्म्याहून कमी केला आणि परवान्याची फी १० पौंड ठरली. १८२४ साली याच ड्यूकचा कूळ जॉर्ज स्मिथ याने ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात पहिला परवाना काढला. शेजारचे सगळे चोरटे भट्टीवाले खवळले. भट्टी पेटवून देऊ म्हणाले. एका जमीनदाराने स्मिथला दोन पिस्तुलं दिली आणि तो ती कमरेला लावून हिंडू लागला. कर चुकवण्यासाठी पिस्तूल बाळगणारे पुष्कळ ऐकलेत. कर भरण्यासाठी पिस्तूल बाळगावं लागलेला मला माहीत असलेला हा एकटाच.

अबकारी खात्याची माणसंही अगदीच अरसिक नव्हती. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी. तरुणपणी त्याने व्हिस्कीची स्तोत्रं रचली, तिच्यावरच्या कराविरुद्ध पार्लमेंटच्या सभासदांना कवितेतून अर्ज केला आणि १७८९ मध्ये वर्षाला ५० पौंड पगारावर त्याच अबकारी खात्यात नोकरी धरली. चार पोरं पदरी असली की कवीही सही करतो. आणि ईनिअस कॉफी हा आयर्लंडमधला अबकारी अंमलदार. दुसऱ्यांच्या भट्ट्या पाहून पाहून त्याने नोकरी सोडल्यावर स्वतःच एक उंच, खांबासारखी भट्टी शोधली आणि १८३० मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यातून कसल्याही धान्याची स्वस्त, हलकी दारू न थांबता वाहू लागली. ती माल्टमध्ये मिसळली की झाली ब्लेंडेड स्कॉच. जगाने पुढची शंभर वर्षं स्कॉच म्हणून जी घेतली ती मुख्यतः हीच, आणि सिंगल माल्ट मिसळणाच्या कामाला लागला.

इथे बँका आल्या. आणि बँका आल्या की पोपट येतात.

लीथ बंदरात रॉबर्ट आणि वॉल्टर पॅटिसन नावाचे दोन भाऊ होते. मूळचा धंदा दुधाचा, मग व्हिस्कीचा. १८९६ मध्ये कंपनी काढून शेअर विकले, महाल बांधले, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. शेकडो करड्या पोपटांना 'पॅटिसनची व्हिस्की प्या' असं बोलायला शिकवून त्यांनी ते दुकानदारांना वाटले, असं सांगतात. बँका हुंड्या वटवत राहिल्या. एकाच मालावर दोनदा कर्ज, साठ्याची किंमत मनाला येईल ती, आणि स्वस्त धान्याच्या दारूत चिमूटभर माल्ट घालून वर लेबल उत्तम जुन्या ग्लेनलिव्हेटचं. १८९८ च्या डिसेंबरात फुगा फुटला, पाठोपाठ कितीतरी भट्ट्या विझल्या. १९०१ मध्ये दोघा भावांना तुरुंग झाला. मला पोपटांचं वाईट वाटतं. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली हे त्यांना कोणी सांगितलं असेल? करडा पोपट पन्नास-पन्नास वर्षं जगतो.

आता या सगळ्यात चवीचं काय? नवल असं की चव लिहून ठेवायचं कोणाला फारसं सुचलंच नाही. १८८५ ते १८८७ या काळात आल्फ्रेड बर्नार्ड नावाच्या गृहस्थाने ब्रिटनमधल्या दीडशेहून अधिक भट्ट्या स्वतः जाऊन पाहिल्या आणि जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात कोठाराची लांबी-रुंदी, भांड्यांचं माप, पाणचक्कीचा व्यास, सगळं आहे. चव जवळजवळ नाही. मी त्याला ओळखतो. आमच्या शाखेत इन्स्पेक्शनला येतो तो हाच. व्हिस्कीला परीक्षेसारखे शंभरपैकी मार्क देण्याची पद्धत रुळवली ती मायकल जॅक्सन याने, १९८९ च्या पुस्तकात. हा यॉर्कशरचा, बिअरवर लिहिणारा, नाच न येणारा मायकल जॅक्सन.

तर आम्हीही मार्क द्यायचं ठरवलं. माझा मामेभाऊ अॅबर्डीनला असतो, त्याने 'लफ्रॉइग'ची दहा वर्षं मुरलेली बाटली आणली. ही ज्या बेटावर होते त्याचं नाव आयला. शिवी नाही, खरंच आयला आहे. परीक्षक मंडळात मामेभाऊ, मी आणि आमचे निवृत्त हेड कॅशियर. यांना घेण्याचं कारण, खोटी नोट ते नुसत्या वासावर सांगायचे. मामेभावाने नियम सांगितले. बर्फ नाही, सोडा नाही, थेंबभर पाणी चालेल. आधी नाक, मग जीभ, मग गिळल्यावर काय उरतं ते. हेड कॅशियरांनी ग्लासात नाक घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"दाताचा डॉक्टर," ते म्हणाले. "दाढ काढल्यावर कापसाचा बोळा देतात ना, तो."

मामेभाऊ खूश झाला. म्हणाला, काका, अगदी बरोबर. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा ही व्हिस्की औषध म्हणून आत गेली, असं सांगतात. कस्टम्सवाल्याने वास घेतला आणि म्हणाला, हे कोणी मजेसाठी पिणं शक्य नाही. मला स्वतःला आयोडीन, भिजलेला दोरखंड, मालवणच्या जेटीवरचं शेवाळ असं काहीबाही वाटत होतं, पण मुख्य वास पकडीत येत नव्हता. ओळखीचा होता, नाव आठवत नव्हतं. तेवढ्यात आमची ही पापडाची ताटली घेऊन आली आणि दारातच थबकली.

"बंब कोणी पेटवला?"

बस्स! तोच. आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब, पहाटेची ओली लाकडं, डोळ्यांत जाणारा धूर आणि पाण्यालासुद्धा लागलेला त्याचा वास. तांब्याचं भांडंही तेच, धूरही तोच. फक्त आयलावर झाडं कमी, म्हणून तिथे पीट जाळतात. दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं गवत आणि शेवाळ. त्याच्या विटा कापायच्या, गोवऱ्यांसारख्या वाळवायच्या आणि त्यांच्या धुरावर माल्ट सुकवायचा. बाकी मुलखात कोळसा आला, रेल्वे आली, धूर कमी झाला. इथे तो राहिला. जिभेवर पहिल्यांदा हा धूर, मग मीठ, आणि गिळून मिनिटभर झाल्यावर मागून गोडवा येतो, निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाच्या शेवटच्या दाण्यासारखा. मी ८४ दिले. हेड कॅशियरांनी ३५ दिले, पास होण्यापुरते, पण दुसरा ग्लास मागताना ४० केले. हिने चव न घेता वासावरच ९० दिले. ते तिच्या आजीला होते.

या भट्टीवर माझा जीव असण्याचं आणखी एक कारण आहे. १९३४ मध्ये ग्लासगोची बेसी विल्यमसन नावाची पदवीधर मुलगी इथे उन्हाळ्यापुरती टेंपररी शॉर्टहँड-टायपिस्ट म्हणून आली. ऑफिस सांभाळता सांभाळता तिने सगळंच सांभाळलं. मालक इयन हंटर आजारी पडला तशी भट्टी तीच चालवू लागली, आणि १९५४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात भट्टी तिच्या नावे निघाली. ती निवृत्त झाली १९७२ मध्ये. व्हिस्की मिसळणीत न घालवता तशीच विकावी, लोक आयलाची चव मागून घेतील, हे तिने लवकर ओळखलं होतं. जगभर सिंगल माल्टची जाहिरात सुरू झाली ती १९६३ नंतर, ग्लेनफिडिकवाल्यांनी बाटल्या बाहेर पाठवल्या तेव्हा. आमच्याकडे टेंपररीला परमनंट व्हायला युनियन लागते. ही टेंपररी थेट मालकीण झाली.

पिंपांच्या कोठाराला मात्र मालकिणीलाही एकटीने आत जाता येत नसे. दाराला दोन कुलुपं. एक किल्ली भट्टीची, दुसरी अबकारी अंमलदाराची. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमच्या स्ट्राँगरूमचीही रीत हीच, जॉइंट कस्टडी. स्कॉटलंडमध्ये हा कारभार १९८० च्या दशकापर्यंत चालला. कामगार तांब्याची नळी विजारीत लपवून आत न्यायचे आणि भरून बाहेर आणायचे, पण ती गळती किरकोळ. खरी गळती दोन किल्ल्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची. लाकडातून दर वर्षी दोनेक टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि सरकार त्यावर कर मागत नाही. तीनशे वर्षांत खात्याने माफ केलेली ही एकच रक्कम असावी.

आता गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची सिंगल माल्ट होते. तिथल्या उष्म्यात देवदूत चौपट-पाचपट पितात, म्हणून ती लवकर मुरते आणि लवकर काढावी लागते. इकडे २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी व्यापाराचा करार झाला, त्यात स्कॉचवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. मी हे आकडे त्या संध्याकाळी मांडत होतो, पण हेड कॅशियरांचं लक्ष देवदूतांवरच अडकलेलं.

"दर वर्षी दोन टक्के," ते बाटली उजेडात धरून म्हणाले, "आणि व्हाउचरवर सही कोणाची?"